गावाच्या फोटोत बाई कुठे आहे?

(पुण्यात झालेल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. शिबिरानंतर सहभागी मैत्रिणी आपापल्या तालुक्याच्या गावी जाऊन फोटो आणि आठवणी गोळा करणार आहेत.)



उजेड कुठून घ्यायचा, फोटो हलू नये म्हणून काय करायचं, हे आपण सकाळच्या सत्रात शिकलो. आता मला वेगळ्या गोष्टीविषयी बोलायचं आहे. फोटो कशाचा काढायचा, आणि कोणासाठी? आपण ज्या गावांत जाणार आहोत ती बहुतेक उतरणीला लागलेली गावं आहेत. पेठ ओस पडली आहे, वाडे पडताहेत, तरुण पोरं पुण्याला किंवा चाकणला गेली आहेत. अशा गावाचा फोटो काढणं फार सोपं असतं. पडकी भिंत कुठूनही सुंदरच दिसते. म्हणूनच आधी थोडं थांबून विचार करायला हवा.

इथून सोलापूर रस्त्यानं निघालं की इंदापूर तालुक्यात पळसदेव लागतं. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. लोक वर हमरस्त्याच्या बाजूला येऊन वसले. धरणाचं पाणी फार खाली गेलं की जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात असं झालं, तेव्हा पुण्याहून कितीतरी जण कॅमेरे घेऊन धावले. शिखर, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, मावळता सूर्य. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. देऊळ सुंदर आहे, त्याचा फोटो काढू नये असं मी म्हणत नाही. पण ते देऊळ दिसायला लागणं म्हणजे उजनीच्या काठच्या गावांत पिण्याच्या पाण्याची ओरड सुरू होणं. एका बाजूला फोटो निघत असतात, त्याच वेळी दुसऱ्या बाजूला बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. शिवाय आपल्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. म्हणजे आपण तिथे नुसते प्रेक्षक नाही. त्या पाण्याशी आपला संबंध आहे.

देवळाला शिखर होतं, म्हणून ते उरलं. बाईचं गाव ज्या गोष्टींनी बनलेलं असतं त्यांना शिखर नसतं. धुण्याचा दगड, चुलीची जागा, परसातलं शेवग्याचं झाड, शेजारणीकडे जायची बोळ, बाळंतिणीची खोली. पाण्याखाली गेलेल्या गावातलं हे काहीच वर येत नाही, आणि त्याची नोंदही झालेली नसते. मोजणी झाली ती जमिनीची आणि घरांची. भरपाई मिळाली ती ज्याच्या नावावर खातं होतं त्याला. नर्मदेच्या बाबतीत तर हे कागदावरच लिहिलेलं आहे. पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात विस्थापितांचा प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला गेला. सज्ञान मुलगी धरली गेली नाही. घर बुडताना मुलीचं काय बुडालं हे सरकारला मोजावंसं वाटलं नाही. मग आठवण म्हणून फोटो काढणाऱ्याला ते दिसावं कसं?

आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ असतात, सतीशिळा असतात. वीरगळावर लढणारा पुरुष अख्खा कोरलेला असतो. सतीशिळेवर बहुतेक वेळा दिसतो तो कोपरात वाकवलेला, बांगड्या घातलेला एक हात. बाईच्या आठवणीची आपली जुनी पद्धत ही अशी आहे. ती मेल्यावर, नवऱ्यामागे गेली म्हणून, तिचा हात तेवढा ठेवायचा. आज हातात कॅमेरा आला म्हणून ही पद्धत आपोआप बदलत नाही.

कॅमेऱ्याचा इतिहासही आपण थोडा लक्षात ठेवायला हवा. आपल्या देशात तो प्रथम साहेबाच्या हातात होता. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ मद्रास इलाख्यात पडला तसा आपल्या दख्खनमध्येही पडला होता. त्या वेळी विलोबी वॉलेस हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं मद्रास इलाख्यातल्या भुकेनं हाडं निघालेल्या माणसांचे फोटो काढले. त्यांना ओळीनं बसवून, उभं करून काढले. त्यात बाया आहेत, पोरं आहेत. नाव कोणाचंच नाही. फोटो काढले, पण त्या माणसांना मदत केली नाही, अशी टीका हूपरवर नंतर झाली. फोटो जगभर पाहिले गेले, आणि त्यातली माणसं कोण होती हे कोणालाच माहीत नाही.

हे जुनं झालं असं वाटतं का? १९७२ च्या दुष्काळातले फोटो आठवा. रणरणत्या उन्हात ओळीनं बसून खडी फोडणाऱ्या बायका. त्या बायकांनी रस्ते केले, पाझर तलाव केले. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या लाखो मजुरांच्या रेट्यामुळे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. कामावर पाळणाघर हवं, मजुरी सारखी हवी, या मागण्या बायकांनी पुढे आणल्या. पण फोटोखाली काय लिहिलेलं असतं? ‘दुष्काळग्रस्त स्त्रिया’. ज्यांनी महाराष्ट्रातले रस्ते बांधले त्यांची ओळख दुष्काळग्रस्त, एवढीच!

आणि अलीकडचं बघा. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यानं आत्महत्या केली की वार्ताहर घरी येतात. बाईच्या हातात नवऱ्याची तसबीर देतात, तिला दारात बसवतात आणि फोटो काढतात. असे किती फोटो आपण पाहिले! ती बाई स्वतः शेतकरी आहे. पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी तिनं केली आहे आणि उद्यापासून सगळी शेती तिलाच करायची आहे. तिचा फोटो शेतात उभी असलेली असा का निघत नाही? कारण शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो, ही समजूत. महिला किसान अधिकार मंचाच्या मैत्रिणी हीच समजूत खोडून काढायला झगडताहेत. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि अनेक घरांतल्या नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ही आठवण गावात असते. पण ती पडक्या भिंतीत सापडत नाही. त्यासाठी बाईशी बसून बोलावं लागतं.

आता घरातल्या फोटोंकडे वळू. गावात गेल्यावर बाहेर फिरण्याआधी घरातला जुना अल्बम, नाहीतर पत्र्याची पेटी उघडायला सांगा. बायकांचा इतिहास तिथे आहे, आणि तो कसा पुसला गेला हेही तिथेच आहे. लग्नाचा गटफोटो घ्या. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे उभ्या किंवा खाली सतरंजीवर. आता विचारा, या घरात त्या वेळी कोण कोण होतं, आणि फोटोत कोण नाही? बहुतेक घरांत उत्तर येईल, ‘आत्या होती, पण ती कशी बसणार?’ विधवा आत्या. लग्नाचा स्वयंपाक तिनं केला, पण कार्यात पुढे यायचं नाही म्हणून फोटोतही यायचं नाही. नवऱ्यानं टाकलेली मुलगी माहेरी राहत होती, तीही फोटोत नाही. कधी फोटोचा अर्धा भाग कात्रीनं कापलेला असतो. तो कोणी कापला, का कापला, हे विचारा.

पुष्कळ खेड्यांतल्या बायकांचा एकटीचा असा पहिला फोटो निघाला तो निवडणूक ओळखपत्रासाठी, १९९३ नंतर. त्याआधीचा एकटीचा फोटो नसतोच. म्हणून ती गेली की मुलं लग्नाच्या गटफोटोतून तिचं डोकं तेवढं काढून मोठं करून घ्यायची. स्टुडिओवाला खाली दुसरीच साडी रंगवायचा. भिंतीवर टांगलेल्या कितीतरी ‘आईं’चं अंग त्यांचं स्वतःचं नाही.

हे बदलू शकतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्यानंतर राज्य सरकारनंही इतर गावांना हेरवाडसारखं करा असं सांगितलं. तुमच्या गावानं असा ठराव केला असेल तर पुढच्या लग्नाच्या फोटोत आत्या कुठे उभी आहे, ते टिपा. ठराव खरा की कागदी, हे त्या फोटोत कळेल.

आता एका गोष्टीकडे तुमचं खास लक्ष वेधते. तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ. रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, प्लास्टिकची फुलं. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यावर हे स्टुडिओ एकेक करून बंद पडले. मालक वारला की मुलं दुकान विकतात आणि निगेटिव्हची खोकी भंगारात जातात. यात फोटोग्राफीची हौस असणाऱ्यांचं नुकसान आहेच. पण आपल्या कामाच्या दृष्टीनं त्यात याहून मोठी गोष्ट आहे. ती खोकी म्हणजे बायकांचा पुरावा आहे.

आपल्या केंद्रावर येणाऱ्या बाईला आपण पहिल्यांदा काय विचारतो? ‘लग्नाचा फोटो आहे का?’ नवरा कोर्टात सरळ सांगतो की ही माझी बायकोच नाही. पोटगीच्या दाव्यात फोटो, रेशनकार्ड, शेजाऱ्यांची साक्ष उपयोगी पडते. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं असेल तर पुरावा आणखी कठीण. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं की दुसरं लग्न आवश्यक त्या विधींनी लागल्याचं सिद्ध झालं पाहिजे. ते झालं नाही म्हणून नवरा सुटला. कलम तेव्हा भारतीय दंड संहितेचं ४९४ होतं, जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ८२ झालं. कलमाचा आकडा बदलला, बाईवरचा पुराव्याचा भार तसाच आहे. सासरहून अंगावरच्या कपड्यानिशी हाकललेली बाई अल्बम घेऊन निघत नाही. अशा वेळी गावातल्या फोटोवाल्याकडची निगेटिव्ह हाच तिचा आधार असू शकतो. म्हणून गाव उतरणीला लागलं, दुकानं बंद झाली, यात बाईचं नेमकं काय जातं, ते बघायला शिका. तुमच्या तालुक्यातला जुना स्टुडिओ बंद होत असेल तर मालकाशी बोला. निगेटिव्ह जपता येतील का, निदान वह्या आणि तारखा उतरवून घेता येतील का, हे विचारा.

आता दुसरी बाजू. गाव मोडतंय म्हणून सरसकट हळहळू नका. कोणासाठी मोडतंय, हे आधी विचारा. वाडा पडला याचं वाईट वाड्याच्या मालकाला वाटेल. मागच्या दारानं येऊन शेण काढणाऱ्या, उरलेलं अन्न पदरात घेणाऱ्या बाईला काय वाटतं, तेही विचारा. जुन्या विहिरीच्या घडीव पायऱ्यांचा फोटो सुंदर येतो. पण त्या पायऱ्यांवर कोणाला पाय ठेवू देत नव्हते? महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडलं ते काही एकट्या महाडचं दुखणं नव्हतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढलं, तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून ते केलं. तोपर्यंत चळवळीच्या इतिहासात त्या बायका नाममात्र होत्या. आपल्या गावातही अशा बायका असतील. वेशीबाहेरच्या वस्तीत जाऊन त्यांना भेटल्याशिवाय ‘गावाची आठवण’ पूर्ण झाली असं म्हणू नका.

जात्याचंही तसंच आहे. अंगणात उलटं पडलेलं जातं दिसलं की फोटो काढायचा मोह होतोच. पिठाची गिरणी आली आणि जातं गेलं, हे बाईच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारा, ती जात्यासाठी रडणार नाही. पण जात्याबरोबर ओवी गेली, आणि ओवी ही बाईची मन मोकळं करायची जागा होती. आपल्या पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हे ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात खेड्यातल्या बायकाही होत्या, हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, हा संग्रह लोकांपुढे आणत आहे. या कामातून मला एक गोष्ट फार शिकण्यासारखी वाटते. ओवीसोबत ती गाणारीचं नाव आणि तिचं गाव नोंदलेलं आहे. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं म्हणून सोडून दिलेलं नाही. जात्याचा नुसता फोटो काढणं आणि जात्याबद्दल बोलणाऱ्या बाईचं नाव लिहून तिचा फोटो काढणं, यात हा फरक आहे.

नाव बाईच्या हातून किती सहज निसटतं याचं उदाहरण खुद्द फोटोग्राफीत आहे. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. तेव्हा आपल्यातल्या ज्या मैत्रिणी फोटो काढतील त्यांनी आपलंही नाव खाली लिहायला लाजू नये.

आणखी एक चित्र. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या गावात जा. घराघराला कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं आणि लहान पोरं. ‘ओसाड गाव’ म्हणून फोटो निघेल. पण ते गाव ओसाड झालेलं नाही, ते सहा महिने ऊसतोडीला गेलं आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल घेतो नवरा. बाईच्या मजुरीचा वेगळा हिशोबच नाही. २०१९ साली तिथल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कुलपाच्या फोटोला हे सगळं जोडलं नाही तर तो फोटो खोटं बोलतो. पाहणाऱ्याला वाटतं गाव आपोआप रिकामं झालं.

फोटो काढून झाल्यावर ते कोणाला दाखवायचे? पी. साईनाथ यांचं ग्रामीण बायकांच्या कामाचं प्रदर्शन आहे, १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेल्या फोटोंचं. ‘दिसणारं काम, न दिसणाऱ्या बायका’ असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ. ते मोठ्या दालनांपेक्षा कारखान्याच्या दारात, बसस्टँडवर, मजुरांच्या मेळाव्यात मांडलं गेलं. आपणही हेच करू. पुण्यात प्रदर्शन जरूर भरवू, पण आधी ते त्या गावच्या बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर लागलं पाहिजे. ज्यांचे फोटो आहेत त्यांनी ते आधी बघितले पाहिजेत. ‘हे चुकलं’, ‘हा काढून टाका’ असं म्हणायचा पहिला हक्क त्यांचा.

आता कामाच्या दृष्टीनं काही गोष्टी सांगते, त्या लिहून घ्या.

पहिली, विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि विचारायचं ते बाईला. तिच्या सासऱ्यानं किंवा सरपंचानं ‘काढा की’ म्हटलं म्हणजे तिची परवानगी मिळाली असं नाही. फोटो कुठे जाणार, मोबाइलवरून पुढे गेला तर काय होऊ शकतं, हे तिला समजेल असं सांगा.

दुसरी, नाव, गाव, तारीख, काम. नाव ती सांगेल तसं लिहा. पुष्कळजणी अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणूनच ओळख सांगतील. तिचं स्वतःचं नाव विचारा, माहेरचं आणि आईचंही विचारा. मे २०२४ पासून सरकारी कागदपत्रांत आईचं नाव आलं आहे, मग आपल्या वहीत का नको? पण कोर्टात केस असलेली, घरात मारहाण होणारी बाई असेल आणि नाव नको म्हणाली, तर नाव लिहायचं नाही आणि चेहराही दाखवायचा नाही. नाव देणं जसा तिचा हक्क, तसं न देणंही.

तिसरी, तिला कामावर असताना टिपा आणि हत्यार तिच्या हातातच राहू द्या. ‘जरा इकडे बघा, हसा’ असं करू नका. पदर सारखा करायला वेळ मागितला तर मात्र जरूर द्या.

चौथी, जुन्या जागेचा फोटो काढताना तिथे राबलेल्या बाईला सोबत न्या. तिला दाखवू द्या, चूल कुठे होती, पाणी कुठून आणायचे, तिला कुठे जायची बंदी होती. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवा. भाषा सुधारू नका.

पाचवी, घरातले जुने फोटो उसने नेऊ नका. तिथेच, तिच्यासमोर, त्यांचा फोटो घ्या आणि मूळ फोटो परत पेटीत ठेवा. आपण काढलेल्या फोटोंची एक प्रत छापून तिच्या हातात द्या. पुढे पुरावा म्हणून लागू शकेल असं काही असेल तर ते ज्या मोबाइलवर काढलं तो जपा, मूळ फोटो पुसू नका आणि लगेच आपल्या वकील मैत्रिणींना कळवा.

सहावी, तिची जमीन, तिचं घर कोणाच्या नावावर आहे हे विचारा. आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. पडक्या घराचा फोटो काढतानाच हा प्रश्न निघाला तर उत्तम. पुष्कळदा घर पडायला येतं तेव्हाच भाऊ बहिणीकडे हक्कसोडपत्र मागतो, आणि ‘पडकंच तर आहे’ म्हणत ती अंगठा देते. तुमच्या फोटोमुळे एका बहिणीनं जरी सही करण्याआधी थांबून विचारलं, तरी या शिबिराचं सार्थक झालं.

हे काम एका फेरीत होणार नाही. पहिल्या वेळी बाया तुम्हाला देऊळच दाखवतील, कारण पाहुण्याला तेच दाखवायचं असतं. दुसऱ्या वेळी चहा देतील. तिसऱ्या वेळी पेटी उघडतील. तेव्हा तीनदा जायची तयारी ठेवा. प्रत्येक तालुक्याच्या गटानं निदान दहा बायकांची वही करायची आहे. फोटो कमी निघाले तरी चालतील, वही मात्र पूर्ण भरलेली हवी. पुढच्या बैठकीत आधी वह्या वाचू, मग फोटो बघू.